पंखे बदलतील, समुपदेशक कुठून आणणार?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात दोन आदेश एकाच यादीत आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, हा एक. निवासी संस्थांनी छताचे पंखे सुरक्षित स्वरूपाचे बसवावेत, हा दुसरा. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू हे या प्रकरणाचे निमित्त होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि संसद कायदा करीपर्यंत पंधरा मार्गदर्शक तत्त्वे देशभर लागू केली. निकालाचे सर्वत्र स्वागत झाले व ते योग्यच होते. मला मात्र त्या दोन आदेशांतील अंतर अस्वस्थ करते. पंखा आठवडाभरात बसतो. कोटा जिल्हा प्रशासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये वसतिगृहांना स्प्रिंगचे पंखे सक्तीचे केले, तेव्हा मिस्त्रीही मिळाले आणि मालही मिळाला. समुपदेशक असा बाजारातून आणता येत नाही.

पंख्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. आत्मघाताची साधने हाताशी राहू न देणे हा परिणामकारक उपाय आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. परंतु पंखा शेवटच्या क्षणाशी संबंधित आहे. त्या क्षणाच्या आधी महिनोन्‌महिने चाललेली झोपमोड, छातीतील धडधड, पुस्तक उघडताच पोटात येणारा गोळा, घरून आलेला फोन न उचलणे या साऱ्यांवर उपाय असतो आणि तो सिद्धही झालेला आहे. प्रश्न एवढाच आहे की, तो उपाय द्यायचा कोणी आणि त्या माणसाचे वेतन कोणत्या लेखाशीर्षाखाली पडायचे?

ताणतणावाविषयीचे आपले सरकारी धोरण गेल्या दहा वर्षांत बरेच बोलके झाले आहे. आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वाय-ब्रेक’ नावाचे अ‍ॅप आणले: कार्यालयात बसल्या जागी पाच मिनिटे आसने, श्वसन, ध्यान. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी ते वापरावे अशी परिपत्रके निघाली. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत योग आणि ध्यानाची शिबिरे नित्याची झाली आहेत. याच दलांतील ७३० जवानांनी पाच वर्षांत आत्महत्या केल्याचे गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत सांगितले. जवानाला वर्षातून १०० दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत, हे सरकारचे स्वतःचेच उद्दिष्ट आहे. म्हणजे दुखणे कुठे आहे हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. रजा देण्यासाठी मनुष्यबळ लागते, शिबिरासाठी सतरंजी पुरते. काम, पगार, रजा आणि झोप यांच्या प्रश्नांना श्वासाच्या व्यायामाने उत्तर देण्याचा मोह खासगी कंपन्यांनाही तेवढाच आहे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. धोरणकर्ते तो टाळतात आणि माध्यमे पुसून टाकतात. ताण ही परिस्थितीला दिलेली प्रतिक्रिया असते. परीक्षा संपते, कर्ज फिटते, वरिष्ठ बदलतो आणि ताण ओसरतो. चिंताविकार मात्र परिस्थिती बदलली तरी उरतो, कारण तो स्वतःलाच खतपाणी घालतो. त्याची रीत अशी: सराव परीक्षेच्या विचाराने एखाद्या मुलाचे हातपाय गार पडतात. तो त्या दिवशी आजारपणाचे कारण सांगतो आणि जात नाही. क्षणात हायसे वाटते. हे हायसे वाटणेच घातक ठरते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो की, टाळले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक तीव्र असते आणि टाळण्याचे वर्तुळ परीक्षेपुरते न राहता वर्ग, खानावळ, मित्र असे पसरत जाते.

शिथिलीकरणाचे तंत्र या वर्तुळातील एका कडीवर काम करते. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने १९२९ साली स्नायू क्रमाने ताणून सैल सोडण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. आजही जगभरचे चिकित्सक ती शिकवतात. संथ श्वसनाने नाडी उतरते, हेही खरे. प्राणायामाच्या देशात ते पटवून देण्याची गरज नाही. पण शरीर शांत झाले म्हणून ‘टाळले म्हणून वाचलो’ हा धडा पुसला जात नाही. काहींच्या बाबतीत तर श्वासाचा व्यायाम हेच टाळण्याचे नवे साधन बनते: जीव घाबरा झाला की बाजूला जाऊन श्वास मोजत बसायचे आणि परीक्षागृहात पाऊल टाकायचेच नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे ‘सीबीटी’, ही पद्धत येथे पुढची पायरी गाठते. ज्याची भीती वाटते त्याची लहान लहान पायऱ्यांत विभागणी करायची, सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहायचे, धडधड वाढू द्यायची आणि ती आपोआप उतरते हे स्वतः अनुभवायचे. मनात येणाऱ्या ‘आता सगळे संपले’ या वाक्याला पुरावा मागायचा. आठवडाभर घरी सराव करायचा, वहीत नोंद ठेवायची, पुढच्या भेटीत ती वही उघडायची. यात गूढ काही नाही. अट मात्र एक आहे: तोच माणूस, तीच खुर्ची, दर आठवड्याला, निदान सहा-आठ वेळा. एका तासाचे व्याख्यान किंवा पाच मिनिटांचे अ‍ॅप हे करू शकत नाही, कारण उपचाराचे एकक तंत्र नसून पुन्हा पुन्हा होणारी भेट आहे.

या भेटीची सोय आपल्याकडे किती आहे? ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. चिंता व ताणाशी निगडित विकारांचा वाटा सुमारे साडेतीन टक्के होता. उपचारांची गरज असलेल्यांचा अंदाज १५ कोटींचा. नैराश्य आणि चिंता यांसारखे नेहमी आढळणारे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. या आकड्यांवर चर्चा सुरू झाली की ती हमखास मनोविकारतज्ज्ञांच्या टंचाईकडे वळते: लाखामागे एकही नाही, हवेत तीन. टंचाई खरीच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे पदव्युत्तर जागा वाढवा आणि वाट पाहा, मला मान्य नाही. चिंताविकाराने त्रस्त असलेल्या बहुसंख्य माणसांना मनोविकारतज्ज्ञाची गरज पहिल्या टप्प्यावर नसतेच.

हे माझे मत नव्हे, गोव्यातील अनुभव आहे. १९९६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने दोन मोठ्या चाचण्या केल्या. पहिली नैराश्य व चिंता या दोन्हींसाठी होती. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली ती प्रसिद्ध झाली. मानसिक आरोग्याची कोणतीही पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवण्यात आले. सरकारी केंद्रांतील रुग्णांना स्पष्ट लाभ झाला. खासगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही. सरकारी आरोग्य केंद्रांना नावे ठेवण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, हा निष्कर्ष जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. दुसरी चाचणी मध्यम ते तीव्र नैराश्यासाठी होती. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सुमारे पाचशे रुग्णांना दोन गटांत विभागले गेले. सामान्य समुपदेशकाकडून सहा ते आठ सत्रे मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ही चाचणी चिंतेची नव्हे, नैराश्याची होती, हे नमूद केले पाहिजे. पण हे दोन्ही विकार अनेकदा एकाच माणसात हातात हात घालून येतात आणि उपचाराची बांधणीही मिळतीजुळती असते.

मला त्या आकड्यांहून अधिक मोलाची वाटते ती त्यामागची शिस्त. समुपदेशकांना तीन आठवड्यांचे वर्गातील प्रशिक्षण आणि त्यानंतर सहा महिने उमेदवारी. सत्रे ध्वनिमुद्रित होत आणि दर आठवड्याला एकत्र बसून ती ऐकली जात: कुठे उपदेश झाला, कुठे रुग्णाचे वाक्य मध्येच तोडले, कुठे घाईने सल्ला दिला. पदवी नसलेल्या माणसाच्या हाती उपचार सोपवता आला तो या देखरेखीच्या बळावर. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साखळीमुळे नैराश्यग्रस्तांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्यातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत पोहोचला. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना डिजिटल पद्धतीने हेच कौशल्य शिकवण्याचा प्रयोग झाला. म्हणजे पुरावा दुर्मीळ नाही. तो पंधरा वर्षांपासून आपल्याच मातीत, आपल्याच भाषांत उपलब्ध आहे.

मग घोडे कुठे पेंड खाते? सरकारी पदांच्या तक्त्यात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातील बेल्लारीच्या प्रयोगावर बेतलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि आज तो ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ असतो, परिचारिका असते, सामाजिक कार्यकर्ता असतो आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ एक असतो. वीस-पंचवीस लाखांच्या जिल्ह्याला एक! तोही पद भरलेले असेल तर. दुसरीकडे, आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांनी, ज्यांना २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हटले जाते, ज्या बारा सेवा द्यायच्या आहेत त्यांत मानसिक आरोग्यसेवेचा समावेश आहे. सेवा यादीत आहे. ती देण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी खुर्चीवर बसणारा वेगळा माणूस यादीत नाही. रक्तदाब, मधुमेह, लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि पोर्टलवरची माहिती भरून झाल्यावर उरलेल्या वेळात कोणाचे तरी मन ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा आहे.

ही पोकळी दोन गोष्टींनी भरली जाते. एक आहे दूरध्वनी. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती वीस भाषांत चालते आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तिच्यावर सुमारे वीस लाख फोन आले होते. ही सेवा मला मनापासून स्वागतार्ह वाटते. रात्री दोन वाजता कोणीतरी फोन उचलतो ही लहान गोष्ट नाही आणि ज्यांना गरज आहे त्यांनी तो क्रमांक निःसंकोच फिरवावा. पण फोनवरील समुपदेशकाने ‘जवळच्या केंद्रात जा’ असे सांगितल्यावर त्या केंद्रात कोण भेटते, यावर दूरध्वनी सेवेचे यश अवलंबून आहे. दुसरी गोष्ट आहे गोळी. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, झोप नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला दोन मिनिटांत दुसरे देणार तरी काय? अल्प्राझोलामसारख्या औषधाने तासाभरात बरे वाटते आणि काही आठवड्यांत त्याची सवय लागते. अल्प्राझोलाम व डायझेपाम २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवावी असा नियम आहे. तो नियम कसा पाळला जातो हे वाचकांना मी सांगायला नको. औषधांना माझा विरोध नाही. तीव्र विकारात योग्य औषधे अपरिहार्य असतात. पण आज गोळी दिली जाते ती बहुधा तेथे बोलायला कोणी नाही म्हणून.

ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांचा मार्ग वेगळा. महानगरांत थेरपीच्या एका सत्राचे शुल्क दीड हजार रुपये धरले, तरी आठ सत्रांचे बारा हजार होतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ ने विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजारांत भेद करण्यास मनाई केली आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे निर्देशही दिले. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरत्याच असतात. चिंताविकाराचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर गुरुवारी येऊन जातो. कायद्याने दिलेली समानता त्यामुळे त्याच्या उपयोगाची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातील १,७०,९२४ आत्महत्यांत विद्यार्थी १३,०४४ होते, तर रोजंदारीवर काम करणारे एकूण संख्येच्या सुमारे २६ टक्के, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तिपटीहून अधिक. प्रत्येक आत्महत्येमागे चिंताविकार असतो असे अजिबात नाही. तरीही ताणावरील आपली चर्चा कोटा आणि कॉर्पोरेट कार्यालये यांच्यापुढे क्वचितच का जाते, याचा विचार व्हायला हवा.

‘पात्र’ समुपदेशक या न्यायालयाच्या शब्दापाशीही थांबले पाहिजे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. त्यांच्याखेरीज इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांसाठी २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्ष नोंदणीची गाडी फार संथ आहे. तोवर चार शनिवारांचा अभ्यासक्रम करून फलक लावणाऱ्याला अडवणारे कोणी नाही. शाळांना आदेश पाळायचाच आहे. उद्या एखाद्या शिक्षिकेच्या नावापुढे ‘समुपदेशक’ असे लिहिले जाईल, तिला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळेल आणि तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होईल. मुलीने तिला विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या कानावर आणि रात्री वडिलांच्या कानावर गेली, तर ती मुलगी पुन्हा कोणाशीही बोलणार नाही. अपात्र समुपदेशनाचा हा अपाय कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळू इच्छित नाही. २०२४ मध्ये ‘नीट’ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. या विषम गणितातून आलेल्या भीतीला ‘विकार’ म्हणणे म्हणजे व्यवस्थेचा दोष मुलाच्या माथी मारणे नव्हे काय? कर्जबाजारी शेतकऱ्याला, बारा तास राबणाऱ्या कामगाराला थेरपी देणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आक्षेपातील अर्धा भाग मला मान्य आहे. जागा वाढल्या पाहिजेत, कामाचे तास मोजले गेले पाहिजेत, जवानाला रजा मिळालीच पाहिजे. कोणतीही थेरपी यांना पर्याय नाही आणि तसा वापर झाला तर तिला विरोध केला पाहिजे. पण उरलेला अर्धा भाग मला निर्दय वाटतो. व्यवस्था बदलायला दशके लागतात. ज्या मुलीला आज रात्री झोप येत नाही तिला आपण ‘क्रांतीपर्यंत थांब’ असे सांगू शकत नाही. शिवाय चांगला समुपदेशक रुग्णाला परिस्थितीशी जुळवून घेण्याचीच दीक्षा देतो, हा समज चुकीचा आहे. गोव्यातील सत्रांत समस्या सोडवणे हा एक ठरलेला भाग होता: कोणता अर्ज करायचा, कोणाशी बोलायचे, कोणत्या गोष्टीला नकार द्यायचा. भीती थोडी ओसरली की माणूस हक्कही मागू लागतो.

खर्चाचा अंदाज मी बोटांवर मांडून पाहिला. देशात सुमारे ३० हजार प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत असे धरू. प्रत्येक केंद्रात महिना २० हजार रुपये वेतनाचा एक प्रशिक्षित समुपदेशक, म्हणजे वर्षाला ७२० कोटी. दर दहा समुपदेशकांमागे महिना ४० हजारांचा एक पर्यवेक्षक, म्हणजे आणखी १४४ कोटी. एकूण ८६४ कोटी. प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठीच्या सुमारे एक हजार कोटींपैकी ८५० कोटी एकट्या ‘निम्हान्स’साठी आणि ९० कोटी ‘टेली-मानस’साठी होते. ‘निम्हान्स’चा एक रुपयाही कमी करावा असे मी म्हणत नाही. पण तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा खर्च केली, तर दिवसाला पाच सत्रे आणि वर्षाला अडीचशे दिवस या हिशेबाने दरवर्षी सुमारे ४७ लाख माणसांना आठ सत्रांचा पूर्ण उपचार मिळू शकतो; दर माणशी साधारण १,८५० रुपयांत. पंधरा कोटींपुढे ४७ लाख थोडेच, हे मान्य. पण हा उपचार आयुष्यभर घ्यायचा नसतो. एका वर्षाचे रुग्ण मोकळे झाले की पुढच्या वर्षी त्याच खुर्चीसमोर दुसरे बसतात.

हे काम आशांच्या गळ्यात विनावेतन मारून चालणार नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. कामागणिक मोबदला या पद्धतीने लस टोचून घ्यायला लोकांना आणता येते. दर आठवड्याला एखाद्याचे ऐकून घेता येत नाही. ज्या आशांना हे काम करायचे असेल त्यांना वेगळे पद, निश्चित वेतन आणि आठवड्याच्या देखरेखीची हमी द्यावी लागेल.

न्यायालयाच्या आदेशाच्या पालनाविषयी राज्यांना उत्तरे द्यावी लागणार आहेत. त्या प्रतिज्ञापत्रांत किती पंखे बदलले, किती फलक लागले, किती शिबिरे झाली, हे रकाने भरलेले असतील. मी त्यांत दोन आकडे शोधणार आहे: समुपदेशकाची किती पदे नियमित वेतनावर निर्माण झाली आणि पहिल्या भेटीला आलेल्या किती विद्यार्थ्यांची सहावी भेट झाली.